रॉक स्लायडर घ्यायचेत? आधी गाडीखाली झोपून बघा

दाराखालचा पत्रा, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली ती लांब पट्टी, गॅरेजवाले तिला सिल म्हणतात, हा ऑफरोड गाडीचा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे, आणि रॉक स्लायडर म्हणजे तिच्या खाली चेसिसला धरून बसवलेला तो दणकट पाइप, जो दगड सिलऐवजी स्वतःवर घेतो. बंपर फुटला तर बदलता येतो, फेंडर चार बोल्ट काढून नवीन बसतो, दार तर आख्खंच्या आख्खं बदलून मिळतं. सिलचं तसं नाही. ती बॉडीचाच भाग असते, आत दोन-तीन पत्रे एकमेकांना स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असतात आणि दाराच्या दोन्ही बाजूचे खांब तिच्यावरच उभे असतात. एकदा का दगड लागून ती वर चेपली की दाराची फट बदलते, दार घासायला लागतं, पावसात आत पाणी यायला लागतं आणि मग डेंटर शांतपणे सांगतो की हे ठोकून होणार नाही, कापून नवीन लावावं लागेल. गाडीची सिल कापणं म्हणजे काय हे ज्याने बघितलंय त्याला पुढचं सगळं सांगायची गरजच नाही.

आणि आपल्या नाशिकच्या पश्चिमेला तर सिलला जपणं जास्तच गरजेचं आहे. त्र्यंबक, हरसूल, पेठ, सुरगाणा, इकडे इगतपुरी, घोटी, हा सगळा पट्टा काळ्या पाषाणाचा, लाव्हाचे थर एकावर एक बसून तयार झालेला, त्यामुळे कातळ उताराने नाही तर पायरी-पायरीने वर चढतो. वाळवंटात किंवा चिखलात गाडी रुतते, आपल्याकडे ती टेकते. पुढची चाकं पायरी चढून जातात, मागची अजून खालीच असतात आणि मधलं पोट बरोब्बर त्या कडेवर येऊन बसतं. त्यात पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरलेलं असतं, गाडी नुसती पुढे जात नाही तर आडवीसुद्धा सरकते आणि बाजूच्या धोंड्यावर सिल टेकवूनच थांबते. हरसूलकडच्या शेतरस्त्यांवर तर वेगळीच गंमत, ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांनी चाकोऱ्या इतक्या खोल केलेल्या असतात की आपली गाडी त्यात उतरली की एका अंगाला कलते आणि बांधाचा दगड थेट दारापर्यंत येतो.

कंपन्यांचे आकडे बघितले तरी हे कळतं. थ्री डोअर थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ एमएम, व्हीलबेस २४५० एमएम आणि रॅम्प ओव्हर अँगल, म्हणजे मधलं पोट न टेकता उंचवटा ओलांडायचा कोन, २७ अंश. पाच दारी थार रॉक्सचा व्हीलबेस २८५० एमएम, म्हणजे तब्बल ४०० एमएम जास्त, आणि रॅम्प ओव्हर उतरून २३.९ अंशावर येतो. पाच दारी जिमनी २५९० एमएम व्हीलबेसला २४ अंश. अप्रोच अँगल, म्हणजे पुढचा बंपर न टेकता चढायचा कोन, सगळ्यांचे झकास आहेत, जाहिरातीत तेच सांगतात, पण गाडी अडकते ती मधल्या अँगलला. त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे की गाडी जेवढी लांब तेवढी स्लायडरची गरज जास्त, आणि रॉक्स घेऊन ज्यांना कातळावर जायचंय त्यांनी लिफ्ट किट, एलईडी बार, स्नॉर्कल हे सगळं नंतर बघावं. चांगले टायर, पुढे-मागे धड रिकव्हरी पॉइंट म्हणजे अडकलेली गाडी ओढायचे हूक, आणि मग लगेच स्लायडर, हा माझा क्रम. ज्यांची गाडी रविवारी गंगापूर धरण किंवा त्र्यंबकपर्यंत डांबरी रस्त्याने जाऊन येते त्यांना मात्र याची काही गरज नाही, उगाच चाळीस किलो लोखंड गाडीला लटकवू नका.

आता मुद्दा निवडायचा. दुकानात गेलं की सगळेजण पाइप बघतात, किती जाड आहे, कोटिंग कसं आहे, दिसतंय कसं. मी म्हणतो पाइप शेवटी बघा, आधी पाय बघा. पाय म्हणजे पाइपपासून आत चेसिसपर्यंत जाणारे ते आडवे ब्रॅकेट. स्लायडरचं सगळं काम तिथे आहे. दगडावर गाडी टेकली की थारसारख्या पावणेदोन टनाच्या आसपासच्या गाडीचं निम्म्याहून जास्त वजन एका बाजूच्या पाइपवर येऊ शकतं, आणि गाडी पायरीवरून धपकन खाली बसली तर त्याहून कितीतरी जास्त झटका बसतो. हे वजन पाइपमधून पायात, पायातून प्लेटमध्ये आणि प्लेटमधून चेसिसच्या रेलमध्ये, म्हणजे तिच्या लांब पोलादी तुळईत गेलं पाहिजे. वाटेत कुठेही ते बॉडीत गेलं तर स्लायडर नुसता शोभेचा.

म्हणून बाजारात मिळणारी फूटस्टेप आणि स्लायडर यात गल्लत करू नका. दोन्ही लांबून सारखेच दिसतात, काळा पाइप, दाराखाली. माझ्या एका मित्राच्या गाडीला अशीच जाडजूड दिसणारी फूटस्टेप होती. पेठच्या अलीकडे एका ओढ्यातून बाहेर निघताना गाडी डाव्या अंगाने धोंड्यावर बसली आणि पाइपला साधा पोचासुद्धा आला नाही, पण त्याला धरणारी पट्टी वाकली, पाइप अख्खाच्या अख्खा वर फिरला आणि दाराच्या खालच्या कडेत जाऊन रुतला. दार उघडेना. बायको-पोरं उजव्या दाराने उतरवावी लागली. नंतर खाली वाकून बघितलं तर ती पट्टी जेमतेम ३ एमएमची, एकच पदर, गसेट म्हणजे कोपऱ्यातला आधाराचा पत्रा नाही, आणि दोन बोल्टपैकी एक बॉडीच्या पत्र्यात. म्हणजे दगडाने जे नुकसान केलं नसतं ते त्या स्टेपने केलं. स्टीलच्या चकचकीत स्टेप तर त्याहून पातळ असतात, जिन्याच्या रेलिंगला वापरतात तसलाच तो पाइप, त्यावर पाय ठेवून चढा, दगड दाखवू नका.

तर गाडीखाली झोपून काय बघायचं. एका बाजूला किमान तीन पाय हवेत, लांब गाडीला चार. प्रत्येक पाय चेसिसच्या रेलवर यायला हवा, फ्लोअरवर नाही, सिलच्या खालच्या जोडावर तर अजिबात नाही. पायाच्या मुळाशी प्लेट हवी, आणि ती दोन सूत म्हणजे ६ एमएमची, छोटीशी चौकोनी टिकली नको तर रेलच्या उंचीवर बऱ्यापैकी पसरलेली, म्हणजे वजन एका बिंदूत न जाता वाटलं जातं. पाय आणि प्लेटच्या कोपऱ्यात तिरकं गसेट हवं कारण वजन वर ढकलतं तेव्हा पाय तिथेच मोडायला बघतो. आणि पाय जितका लांब बाहेर येईल तितका मुळाशी ताण वाढतो, त्यामुळे रुंद ऐसपैस स्टेपवाला स्लायडर हवा असेल तर पाय आणि प्लेटही त्या मानाने दणकट लागतात. हे साधं पहारीचं गणित आहे.

थार, जिमनी, गुरखा, स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर या सगळ्या लॅडर चेसिसच्या, म्हणजे शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बॉडी बसवलेल्या गाड्या, त्यांना हे जमतं. मोनोकॉक एसयूव्हीला वेगळी चेसिसच नसते, तिथे स्लायडर धरणार कशाला? बसवून देणारे भेटतात, सिलच्या जोडाला क्लॅम्प करून देतात, पण मग वजन परत सिलवरच. अशा गाडीवाल्यांनी खालून स्किड प्लेट लावावी आणि कातळ टाळावा, हे माझं प्रामाणिक मत.

बोल्ट की वेल्ड, यावर आमच्या ग्रुपमध्ये तासन् तास वाद होतात. वेल्ड केलेला जास्त मजबूत असतो हे खरं, पण मी बोल्टच्याच बाजूचा आहे. चेसिसवर वेल्डिंग केलं की त्या जागेच्या आजूबाजूचं पोलाद तापून त्याचा गुण बदलतो, आणि चुकीच्या जागी, विशेषतः रेलच्या वरच्या-खालच्या कडेवर आडवा टाका मारला तर पुढे तिथूनच चीर जायची भीती. शिवाय डिझेलची लाइन, ब्रेकचे पाइप, वायरिंगचा जुडगा हे सगळं चेसिसच्या रेलला धरूनच गेलेलं असतं, ठिणगी कुठे पडेल सांगता येत नाही. वॉरंटीचा प्रश्न वेगळाच. तरीही कुणाला वेल्डच करायचा असेल तर निदान बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढायला लावा आणि वेल्डिंगच्या अर्थिंगची वायर कामाच्या अगदी शेजारी लावायला सांगा, नाहीतर करंट इकडून तिकडे फिरून ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा बळी घेतो. बोल्टवाल्यात फायदा असा की उद्या एक बाजू वाकली तर काढून सरळ करता येते, गाडी विकताना काढून ठेवता येते, सर्व्हिसला अडचण झाली तर उतरवता येते.

पण बोल्टवाल्यात पण बारकावे आहेत. चेसिसला कंपनीची जी भोकं आधीपासून असतात तीच वापरणारं डिझाइन सगळ्यात उत्तम. रेल चौकोनी बंद डब्यासारखी असेल आणि बोल्ट आरपार जाणार असेल तर आत पोलादी नळी म्हणजे स्लीव्ह घातलीच पाहिजे, नाहीतर बोल्ट आवळताना रेलच्याच दोन भिंती आत दबतात, आणि दबलेल्या भिंतीवर बोल्ट कधीच नीट आवळलेला राहत नाही. नुसत्या यू-बोल्टवर सगळा भरवसा ठेवणारे स्लायडर मला आवडत नाहीत, धक्का बसला की सरकतात. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं असतं ते वाचा. हार्डवेअरच्या दुकानात सुटा मिळणारा साधा बोल्ट बहुतेक ४.६ ग्रेडचा असतो, ८.८ ची तुटण्याची ताकद त्याच्या दुप्पट. नट नायलॉकच हवेत, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले.

आता पाइप. इथे आकड्यांमध्ये फसवणूक नाही पण गैरसमज भरपूर होतात. आयएस १२३९ या भारतीय मानकाचा पाइप आतल्या नाममात्र मापाने ओळखला जातो, म्हणजे दीड इंची पाइपचा बाहेरचा व्यास ४८.३ एमएम भरतो, आणि ट्यूब मात्र बाहेरच्या मापाने विकतात, दीड इंची ट्यूब म्हणजे ३८.१ एमएम. दोघेही दीड इंचीच म्हणतात. फोनवर ठरवताना म्हणून एमएममध्येच बोला, बाहेरचा व्यास आणि भिंतीची जाडी. माझा आग्रह ४८ एमएमच्या आसपास व्यास आणि किमान ३ एमएम भिंत. त्याच्या खाली गेलात की टोकदार दगडावर पाइप डब्यासारखा चेपतो, आणि एकदा चेपला की तिथे त्याची ताकद गेली.

आणि नुसती भिंत जाड म्हणजे मजबूत हेही खरं नाही. हे गणित मी बसून केलंय. सव्वा इंची पाइप, व्यास ४२.४ एमएम, भिंत ४ एमएम, त्याचं वजन मीटरला ३.८ किलो. दीड इंची मीडियम, व्यास ४८.३, भिंत ३.२ एमएम, वजन मीटरला ३.५६ किलो. म्हणजे दुसरा पाइप हलका, आणि तरीही वाकायला पहिल्यापेक्षा जवळजवळ तीस टक्के जास्त ताठ. व्यास वाढला की ताठपणा झपाट्याने वाढतो, भिंतीने तितका नाही. म्हणून कुणी सांगितलं की आमचा पाइप बारीक आहे पण चार एमएमचा आहे, तर ऐकून घ्या आणि पुढे चला.

वजनाचं सूत्र कुठल्याही फॅब्रिकेटरला तोंडपाठ असतं, व्यासातून भिंत वजा करा, भिंतीने गुणा, ०.०२४६ ने गुणा, मीटरला किती किलो ते निघतं. याचा उपयोग असा की तयार स्लायडर घेताना भिंत मोजता येत नाही कारण टोकं बंद असतात, पण काट्यावर तर ठेवता येतो. थ्री डोअर थारची दोन पाइपवाली, तीन-तीन पायांची नीट जोडी पस्तीस ते चाळीस किलोच्या घरात भरायला हवी. अठरा-वीस किलोच भरली तर समजायचं की आत १६ गेजचा, म्हणजे १.६ एमएमचा पाइप आहे, त्याचं वजन मीटरला १.८ किलो, जवळपास निम्मं.

पाइप कुठला हेही विचारा. आयएस १२३९ च्या पाइपवर रंगाचा पट्टा असतो, पिवळा लाइट, निळा मीडियम, लाल हेवी, निळा किंवा लाल घ्या. जीआय म्हणजे जस्त चढवलेला नको, काळाच हवा, कारण जस्ताच्या थरावर वेल्डिंग केलं की धूर विषारी निघतो आणि टाक्यात बुडबुडे राहतात. बजेट असेल तर आयएस ३०७४ ची सीडीडब्ल्यू ट्यूब सगळ्यात छान, वेल्ड केलेली ट्यूब परत थंड ओढून काढतात त्यामुळे ती मापाला पक्की आणि साध्या ईआरडब्ल्यू म्हणजे नुसत्या वेल्ड केलेल्या ट्यूबपेक्षा ताकदवान असते. बाहेरच्या देशातले लोक ज्या डीओएम ट्यूबचं कौतुक करतात ती हीच जात. पण खरं सांगू का, पाय आणि टाके नीट असतील तर निळ्या पट्ट्याच्या पाइपने पण आपलं काम भागतं. ॲल्युमिनियमचे हलके स्लायडर पण दिसतात, ते दगडावर सरकायच्या ऐवजी खरवडून धरतात, मला पसंत नाहीत.

गोल की चौकोनी? चौकोनी सेक्शन त्याच मापाला जास्त ताठ आणि बनवायला सोपा, पण त्याचा कोपरा दगडात अडकतो. गोल पाइप कातळावरून घसरत पुढे जातो आणि शेवटी स्लायडरने घसरायचंच तर असतं. आतला पाइप चौकोनी, बाहेरचा गोल, ही मला सगळ्यात शहाणी रचना वाटते. मागच्या टोकाला पाइप थोडा बाहेर वळवलेला असतो, त्याला किक-आउट म्हणतात. अरुंद वळणावर मागचं चाक आत ओढलं जातं तेव्हा तो भाग आधी दगडाला टेकतो आणि गाडीचं मागचं अंग बाहेर ढकलतो, मागचा पत्रा वाचतो. परदेशी व्हिडिओत लोक झाडाच्या बुंध्याला टेकवून गाडी वळवताना दिसतात. ते आपल्याकडे कृपा करून कुणी करू नका. हरसूलच्या सागाची आणि ऐनाची साल सोलून वळण घेण्यात काही पराक्रम नाही, गाडी मागे घ्या, परत वळवा.

स्लायडर सपाट बसवायचा की जरा वर तिरका, यात घरचा विचार करावा लागला. तिरका बसवला तर क्लिअरन्स जास्त मिळतो आणि सिलच्या जवळ राहतो, पण त्यावर पाय ठेवून चढता येत नाही. माझ्या आईचे गुडघे दुखतात आणि थारची सीट तिला उंच पडते, त्यामुळे पायरी ही आमच्याकडे चैन नाही, गरज आहे. मी दहा-बारा अंशावर आलो, त्यात पाइप दगडापासून बऱ्यापैकी वर राहतो आणि दोन पाइपच्या मधल्या प्लेटवर चपलेचा पंजा नीट मावतो. त्या प्लेटला पाणी जायला भोकं पाडतात, तर त्या भोकांच्या कडा हाताने चाचपून बघा. पहिल्या प्लेटची कड लेझरने कापलेली तशीच धारदार होती, आईच्या साडीचा काठ उतरताना त्यात अडकला आणि ती तोल सावरत दाराला धरून उभी राहिली. मग भोकांच्या कडा खाली दाबून गोल केलेली प्लेट बनवून घेतली. ज्यांच्या घरात साडी नेसणारी माणसं गाडीत बसतात त्यांनी हे आधीच सांगून ठेवा, कुठल्याही कॅटलॉगमध्ये हे लिहिलेलं नसतं.

सिल आणि पाइपमध्ये किती जागा सोडायची हा प्रश्न बरेच जण विचारत नाहीत. बॉडी चेसिसवर रबरी बुशांवर बसलेली असते, म्हणजे वाईट रस्त्याला दोन्ही वेगवेगळ्या हलतात, आणि वजन आल्यावर स्लायडर स्वतः थोडा वर लवतो. म्हणून पंधरा ते पंचवीस एमएम फट हवीच. अगदी चिकटवून बसवलेला दिसायला सुंदर, पण पहिल्याच धक्क्यात तोच सिलला चेपतो. आणि फट अगदी अरुंद बोळासारखी पण नको, कारण आपली काळी माती तिथे जाऊन बसते, वाळून विटेसारखी होते आणि पावसाळाभर ओल धरून ठेवते. हाताची बोटं आत घालून पाण्याच्या पाइपने धुता येईल इतकी मोकळी ठेवा.

मी स्वतः तयार न घेता अंबड एमआयडीसीत एकाकडून बनवून घेतले. नाशिककरांना हे एक सुख आहे, थार इथेच बनते आणि सातपूर-अंबडला गाड्यांचे सुटे भाग बनवणारे इतके कारखाने आहेत की लेझर कटिंग, पाइप बेंडिंग, सीओटू वेल्डिंग हे सगळं हाकेच्या अंतरावर मिळतं. फक्त गेट-ग्रिल बनवणारा आणि गाडीचं काम केलेला यातला फरक ओळखा. वळण बघा, पाइप जिथे वाकवलाय तिथे आतल्या बाजूला सुरकुती आली असेल किंवा पाइप चपटा झाला असेल तर तो साध्या बेंडरवर घाईत वाकवलेला आहे. टाका बघा, एकसारखा, दोन्ही पत्र्यांत शिरलेला, नुसता वर थापलेला नको, आणि पायाच्या चारही बाजूंनी पूर्ण फिरलेला हवा. आमच्या मिस्त्रींनी पाय आधी टॅक म्हणजे तात्पुरते छोटे टाके मारून गाडीवर लावले, दारं उघडून-मिटून बघितली, मग उतरवून खाली जमिनीवर पूर्ण वेल्ड केले. गाडीवर धरून घाईत भरलेला टाका आणि खाली नीट फिरवून फिरवून भरलेला टाका यात फरक पडतोच.

आणि मग मी त्यांना म्हटलं, आता यावर जॅक लावू.

ते म्हणाले, "भाऊ, काही गरज नाही, हत्ती उभा केला तरी वाकायचा नाही."

म्हटलं, "मिस्त्री, हत्ती नको, गाडीच उचलू."

हसले, पण ट्रॉली जॅक स्वतः घेऊन आले. पलीकडच्या चाकांना उटी लावली, पाइपच्या मधोमध, दोन पायांच्या मधल्या सगळ्यात कमजोर जागी, लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक लावला. मी सिल आणि पाइपमधली फट पोलादी पट्टीने मोजून खडूने पाइपवरच लिहिली. हँडल मारत गेले तशी गाडी एका अंगाने वर यायला लागली, सस्पेन्शन सैल पडलं, मग पुढचं चाक जमिनीवर नुसतं टेकल्यासारखं राहिलं, हाताने हलत होतं. त्या अवस्थेत फट दोन-अडीच एमएमने कमी झाली होती. एकदा कट्ट असा आवाज आला, मागच्या पायाची प्लेट बोल्टच्या भोकात बसली तो. जॅक उतरवल्यावर फट परत खडूने लिहिलेल्या आकड्यावर आली. लवला आणि परत आला म्हणजे ठीक, लवला आणि तसाच राहिला तर तो दगडावर पण तसाच राहणार, मग तिथेच बदलून मागायचा. ही परीक्षा पैसे देण्याआधी करा, कुणी नाराज झालं तरी चालेल, फक्त जॅकवर गाडी असताना खाली कुणी जाऊ नका.

रंगाचं थोडक्यात सांगतो. सगळे पावडर कोटिंग करतात, सुरेख दिसतं, पण स्लायडर म्हणजे खरवडला जाणारच, आणि पावडर कोटला एकदा चीर पडली की पाणी त्याच्या खाली शिरून गंज आतल्या आत पसरतो, वरून कळत पण नाही. इगतपुरीला वर्षाला ३००० एमएमच्या वर पाऊस पडतो, तिकडे जाणाऱ्या गाडीला हे परवडत नाही. मी इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर साधा काळा रंग मारला. खरवडला की पॉलिश पेपर मारायचा, प्रायमरचा हात, वर रंग, घरच्या पार्किंगमध्येच होऊन जातं. पाइपची टोकं टोप्या घालून वेल्डने पूर्ण बंद करा, आणि बंद नसतील तर खालून पाणी निघायला भोक ठेवा. अर्धवट नको, अर्धवट बंद पाइपमध्ये पाणी शिरतं पण निघत नाही.

कायद्याचं पण बोलायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने बुल बार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं होतं. बुल बार मला तसाही नको, तो समोरच्या पायी माणसाला घातक. स्लायडर चाकांच्या रेषेच्या बाहेर डोकावू देऊ नका, शेजारून जाणाऱ्या दुचाकीवाल्याच्या नडगीला लागेल असं काही बाहेर नको, आणि विमा कंपनीला लेखी कळवून ठेवा. स्लायडर लावले म्हणून गाडी कुठेही घालायचा परवाना मिळत नाही हेही तितकंच महत्त्वाचं. अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिकडे भंडारदऱ्याच्या बाजूला कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, तिथे वाट सोडून गाडी घालायची नाही. कुणाच्या भातखाचरातून तर नाहीच नाही, तो बांध त्या माणसाने हाताने रचलेला असतो.

बसवल्यावर पहिल्या कातळी वाटेवरून घरी आलात की लगेच पाना घेऊन खाली जा. प्लेट आपापल्या जागी बसतात आणि बोल्ट थोडे सैल होतात, सगळे परत टॉर्कवर आवळा आणि प्रत्येक नटवर आणि प्लेटवर मिळून मार्करची एक सरळ रेघ ओढा. पुढच्या वेळी नुसतं टॉर्च मारून बघितलं तरी कळतं, रेघ तुटलेली दिसली की तो नट फिरलाय. टाक्याच्या कडेला केसासारखी तांबूस रेघ दिसली तर ती गंजाची समजून पुसून टाकू नका, ती चीर असू शकते, वायर ब्रश मारून नीट बघा आणि शंका आली तर तो पाय उतरवून मिस्त्रीकडे न्या.